मूलच्या मैदानाला धुरा नव्हता

जानेवारीचा तिसरा शनिवार. धुकं अजून विहाराच्या पायऱ्यांवरून उठलं नव्हतं आणि मी सगळ्यांत वरच्या पायरीवर बसून परक्या बुटांच्या टोकांत कापूस कोंबत होते. बूट तालुक्याच्या एका कॉलेजातल्या पोरांकडून मागून आणलेले, आमच्या मुलींच्या पावलांना चांगलेच मोठे. पण अनवाणी खेळू देणार नाही, असं स्पर्धेवाल्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. दवाखान्यातल्या कापसाचा कोरडा, निर्विकार वास, जुन्या रबराचा वास, कुणाच्या तरी वाळून गेलेल्या घामाचा वास आणि पलीकडच्या अंगणात गुरांपुढे टाकलेल्या दवाने भिजलेल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, किंचित गोड वास, हे सगळे त्या धुक्यात एका जागी थांबून राहिले होते. मुली एकेक बूट चढवून पायरीवर आपटून बघत होत्या.

"सिस्टर, माह्या बुटात अजून एक पाय मावते," प्रणाली म्हणाली. ती आमची कप्तान.

"मंग दोनी पाय एकातच घाल. दुसरा बूट करिश्माले दे."

"तिले कायले देता? थे तं उभीच रायते."

करिश्माने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती खरंच उभी होती, खांबाला टेकून, अंगाने सगळ्यांहून उंच, सगळ्यांहून संथ, आणि कुणी काही बोललं की ते आपल्याबद्दल नाहीच अशा चेहऱ्याने लांब कुठेतरी बघणारी.

मी या गावात आरोग्यसेविका आहे आणि विहाराच्या महिला मंडळाची सचिवही. फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, हे मी मंडळाच्या बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं. पण मुलींचा संघ वैनगंगा ओलांडून मूल गावातल्या स्पर्धेला न्यायचा तर कुणाचा तरी गुडघा फुटणार, गुडघा फुटला तर औषधांची पेटी लागणार, आणि पेटी माझ्याकडे. म्हणून मीही निघाले. चेंडू मंडळाने घेतलेला, टी-शर्ट मागच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीतले निळे. संघात आमच्या वस्तीतल्या मुली होत्या, तशा कुणब्यांच्या होत्या, गोंडांच्या होत्या. त्या निळ्या रंगावरून कुणाच्या घरी काय बोलणं झालं ते मुलींनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शनिवारी तो सगळ्यांच्या अंगात होता, एवढं खरं.

मला कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. उपकेंद्राच्या ओट्यावरून गावाला लागून असलेली धानाची शेतं दिसतात. आमच्याकडे धानाचं शेत सलग पसरलेलं नसतं. गुडघ्याएवढ्या मातीच्या बांधांनी, म्हणजे धुऱ्यांनी, त्याचे लहान लहान चौकोन केलेले असतात, पावसाचं पाणी अडून राहावं म्हणून. त्या चौकोनांना आम्ही बांध्या म्हणतो. श्रावणात त्या आरशासारख्या चमकतात, दिवाळीच्या सुमाराला पिवळ्याधमक होतात, आणि धान कापून नेलं की पौषातल्या तिरप्या उन्हात नुसते खुंट उरतात, दाढी न केलेल्या गालासारखे. त्यांतल्या एका उंचावरच्या, लवकर सुकणाऱ्या बांधीत आमच्या मुली रोज संध्याकाळी खेळतात. धुरा हीच त्यांच्या मैदानाची सीमा. चेंडू धुऱ्यावर आपटतो आणि परत येतो. खेळ थांबतच नाही. वरून उडून पलीकडच्या बांधीत गेला तरच थांबतो, आणि मग जिने मारला तिनेच तो आणायचा, बाकीच्यांनी तोवर तिची मनसोक्त चेष्टा करायची.

संध्याकाळची औषधं मोजून कपाटात ठेवताना मी हे बघत असे, आणि मला एक गोष्ट उमगत नसे. चेंडू पायाशी आला की या मुली एकमेकींकडे बघतच नाहीत. टीव्हीवर मी जे थोडंफार पाहिलं होतं त्यात खेळणारा मान वर करून आपला माणूस शोधतो. आमची प्रणाली मान वर करते आणि धुऱ्याकडे बघते. काय बघते, ते तिला विचारलं तर म्हणाली, "काई नाई, सिस्टर. असंच." रोगी जेव्हा असंच म्हणतो तेव्हा तिथे काहीतरी असतं, एवढं मला नोकरीने शिकवलेलं आहे.

ही बांधी टीकारामभाऊंची. साठीकडे झुकलेला, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बोलणारा, म्हणून मोजकंच बोलणारा माणूस. इतकी वर्षं धान कापल्यावर ही उंचावरची बांधी पाऊस येईपर्यंत ओस पडायची, म्हणून मुलींची झाली. यंदा भाऊंच्या बोअरला पाणी लागलं. पाणी लागलेल्या माणसाला रिकामी जमीन बघवत नाही, आणि त्यात चूक काही नाही. उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, शेताच्या एका कोपऱ्यात पोपटी होऊन डुलतही होते, सगळ्या बांध्यांत चिखल करून त्यांची रोवणी होणार होती. मुलींना दुसरी जागा नाही. शाळेच्या अंगणात नवी खोली झाल्यापासून दोरीवरच्या उड्यांपुरतीच जागा उरली आहे, आणि जंगलाकडच्या मुरमाड माळावर वाघाचं येणंजाणं असल्याने संध्याकाळी तिकडे कुणी शेळीही सोडत नाही.

म्हणून प्रणाली सगळी पलटण घेऊन पानठेल्यावर गेली. मी तिथे नव्हते, पण आमच्या गावात पानठेल्यावरचं बोलणं संध्याकाळच्या आत सगळ्यांना तोंडपाठ असतं. ती म्हणाली, "भाऊ, थे एक बांधी सोडा ना. पावसापर्यंत." भाऊ म्हणाले, "सोडून का करू? तुमी फुटबॉल पिकवान अन् मी खाऊ?" माणसं हसली. प्रणाली हलली नाही. तेव्हा भाऊंनी खर्रा थुंकला, म्हणजे आता ते नीट बोलणार होते. "मूलले जाऊन राह्यल्या ना? एक मॅच जिकून दाखवा. जिकल्या तं बांधी पावसापर्यंत तुमची. नाई जिकल्या तं सोमवारी चिखलणी." चार माणसांसमोर पानठेल्यावर दिलेला शब्द आमच्याकडे मागे घेत नाहीत. तो वाढवतही नाहीत.

तर असं होतं. मुलींना चषक नको होता, त्याबद्दल त्या बोलतही नव्हत्या. त्यांना एक सामना हवा होता, दोन मिळणार होते.

मूलला नेलं तेही टीकारामभाऊंनीच. त्यांना तिथल्या राईस मिलवर धान न्यायचं होतं, पिकअप भरलेली होती, आणि पोत्यांवर बसायला मुली असल्या तर पोती हलत नाहीत, हा त्यांचा हिशेब. मी पुढे त्यांच्याशेजारी, मांडीवर पेटी. मोठ्या रस्त्याला लागायला आम्हाला बराच वेळ थांबावं लागलं, कारण सूरजागडाच्या लोखंडाच्या खाणीकडून आलेल्या ट्रकांची रांग संपत नव्हती. रस्त्याकडेच्या पळसाच्या पानांवर लाल धूळ बसलेली आणि तिच्यावर दव पडल्याने पानं गंजलेल्या पत्र्यासारखी दिसत होती. पुढे पुलावर आलो तेव्हा धुकं फाटत होतं. जानेवारीतली वैनगंगा ही नदी कमी आणि वाळू जास्त. पण त्या सकाळी मधल्या एका बारीक धारेवर ऊन उतरलं होतं, आणि कुणीतरी वाळूत लावलेल्या टरबुजाच्या आळ्यांपर्यंत ती धार चालत आल्यासारखी वाटत होती. मागे मुली गात होत्या. गाणं कुठलं ते वाऱ्यामुळे कळत नव्हतं, नुसता ठेका कळत होता, पोत्यांवर थापा मारून धरलेला.

"पोरी लय खूश हायेत," भाऊ म्हणाले.

"तुमाले काय वाटते, जिकतीन का?"

त्यांनी आरशात मागे बघितलं. "माह्या धानाचा चुरा करून राह्यल्या," म्हणाले, आणि गाडी थोडी हळू घेतली.

मूल हे गाव डोळ्यांआधी नाकाला कळतं. गिरण्यांतून उडणारा कोंडा, उकडलेल्या धानाचा जड, उबदार वास, जणू सगळं गाव एकाच मोठ्या चुलीवर ठेवलेलं आहे. मैदान गिरण्यांच्या पलीकडे होतं आणि ते बघून मुली कडेलाच थांबल्या. सपाट, मोकळं, एकाही बाजूला काही नाही. जमिनीवर फक्त चुन्याची पांढरी रेघ. प्रणालीने बुटाच्या टोकाने त्या रेघेला हळूच स्पर्श केला, जसं पाणी गार आहे का ते बघावं. भाऊ आम्हाला उतरवून धान घेऊन गिरणीवर गेले.

पहिला सामना आम्ही चार गोलांनी हरलो. समोर शहरातल्या एका शाळेच्या मुली होत्या, त्यांच्या केसांना एकसारख्या पट्ट्या होत्या. आमच्या मुलींना पळणं कमी नव्हतं, दम कमी नव्हता, भीतीही दिसत नव्हती. आणि तरी चेंडू पुन्हा पुन्हा बाहेर जात होता. पंच शिट्टी वाजवायचे, चेंडू त्यांना मिळायचा, आणि पुढच्या क्षणी आमच्या गोलाकडे घोळका. आधी मला वाटलं, बूट. मग वाटलं, घाबरल्या असतील. पण तापाचं कारण कळल्याशिवाय गोळी देऊ नये, म्हणून मी मुलींकडे बघायचं सोडून एकट्या प्रणालीच्या पायांकडे बघत बसले.

आणि मग ते दिसलं. प्रणालीकडे चेंडू आला. तिने मान वर केली, डावीकडे बघितलं, तिथे आपली कुणीच नव्हती, तरी चेंडू जोरात तिकडेच मारला आणि स्वतः समोरच्या मुलीला वळसा घालून पुढे धावत गेली, एका ठरावीक जागी थांबली, पाय तयार ठेवून. चेंडू तिथे यायचा होता. तो रेघ ओलांडून, पानांच्या ढिगात जाऊन, एका सायकलीला टेकून शांत झाला होता. प्रणाली अजून त्या जागी उभी होती. बघणारी पोरं खो खो हसत होती. त्यांना ती वेडी वाटली असणार. मला मात्र एकदम आमची बांधी दिसली, चुन्याच्या रेघेवर उभी राहिलेली, चारी बाजूंनी मातीच्या धुऱ्यांची. ती धुऱ्याला चेंडू देत होती. रोज संध्याकाळी ती धुऱ्याकडे का बघते याचं उत्तर ते होतं: मैत्रिणीपेक्षा धुरा भरवशाचा. तो कधी चुकत नाही, रुसत नाही, आणि जेवढ्या जोराने द्यावं तेवढ्याच जोराने परत देतो. या मुली धुऱ्याच्या कुठल्या भागाला कुठून मारलं तर चेंडू कुठे येतो हे अंगाने शिकल्या होत्या, आणि आता त्यांचं सगळं शिक्षण नदीपलीकडे राहिलं होतं.

दोन सामन्यांच्या मधल्या वेळात चिंचेखाली बसून त्यांनी डबे उघडले. भात, वालाच्या शेंगांची भाजी. कुणी जेवत नव्हतं. गोल राखणारी रोशनी ढोपरावरचं रक्त बघत बसली होती, त्यावर मी औषध लावलं तेव्हाच तिला ते दुखलं.

"पोरीहो," मी म्हणाले, "इथी धुरा नाई. चेंडू गेला का गेला."

"थे तं आमाले बी दिसून राह्यलं, सिस्टर," प्रणाली म्हणाली. तिचा आवाज चिडका होता, म्हणजे रडू जवळ होतं. "पण पायाले कोन सांगन? आता का धुरा घरून आणू?"

एक कावळा भाताच्या डब्याजवळ येऊन बसला. मग रोशनीच म्हणाली, "करिश्माले उभी कर ना. थे तं धुराच हाय."

हसू फुटलं. चार गोल खाल्ल्यानंतरचं पहिलं हसू. पण प्रणाली हसली नाही. ती करिश्माकडे वरपासून खालपर्यंत बघत होती, जसं भाऊ बैल बघतात.

"ए करिश्मा. तू धुरा हो."

"मीच काऊन?"

"तू हलत नाइस म्हणून. रेघेवर चालाचं. आमी पुढं गेलो तं तूनं पुढं, मागं आलो तं मागं. चेंडू आला का जशाचा तसा वापस. धराचा नाई, पळाचं नाई, इचार कराचा नाई. धुरा इचार करते का?"

करिश्माने डब्याचं झाकण लावलं. तिला राग आला होता का, ते तिच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. "अन् मले कोनी ढकललं तं?" तिने विचारलं.

"धुऱ्याले कोनी ढकलत नाई," रोशनी म्हणाली.

दुसरा सामना सुरू झाला तेव्हा टीकारामभाऊ परत आले होते. धान गिरणीत लागलं होतं, भुवयांवर कोंडा बसलेला होता, आणि ते दोरीमागे हात पाठीशी बांधून उभे होते, पराभव बघायला आलेल्या माणसाच्या सभ्य चेहऱ्याने. पहिली काही मिनिटं काहीच घडलं नाही. मग प्रणालीने डावीकडे मारला, आणि चेंडू रेघेवरून परत आला. करिश्मा नुसती उभी होती, बूट आडवा धरून. प्रणाली त्या ठरावीक जागी होती. पुन्हा. पुन्हा. समोरच्या संघाच्या मुली प्रणालीच्या मागे धावायच्या आणि चेंडू त्यांच्या पाठीमागून तिच्यापुढे येऊन पडायचा. त्यांच्या सरांनी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, "त्या उंच मुलीला धरा," पण तिला काय धरणार, ती कुठे जातच नव्हती. मी फुटबॉलमध्ये पडणारी बाई नव्हे; तरी माझ्या पायांची बोटं चपलेत आवळली जात होती. पूर्वार्ध संपता संपता प्रणालीने गोल केला. भाऊंनी पाठीशी बांधलेले हात सोडले.

त्या क्षणापासून मैदानावर जे चाललं होतं ते मला फुटबॉल वाटेना, ती बांधी वाटत होती, पाणी भरलेली, आणि आतलं पाणी काठोकाठ धरून ठेवणारी. दुपार कलत होती, गिरण्यांचा धूर उन्हात सोनेरी होत होता, आणि थोडाच खेळ उरला होता. तेवढ्यात चेंडू करिश्माकडे आला आणि तिने तो परत दिला नाही.

का दिला नाही, ते मी नंतर विचारलं. त्या वेळी फक्त एवढं दिसलं की तिने मान वर केली. तिच्यापुढे रेघेच्या आतल्या बाजूने लांबवर कुणी नव्हतं. आणि करिश्मा, जिला मी या गावात कधी पळताना पाहिलं नव्हतं, लसीकरणाच्या दिवशी सगळ्या पोरी पळाल्या तेव्हाही जी एकटी उभी राहिली होती, ती पळायला लागली. मोठे बूट थपथप आपटत, हात वेडेवाकडे उडवत, तोंड उघडं टाकून. ते सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. पण बघण्यासारखं होतं. चेंडू तिच्या पायातून सुटला, पुढे गेला, समोरच्या मुलीला मिळाला, आणि त्या मुलीपुढे आता आमची ती सगळी बाजू उघडी होती.

"धुरा फुटला!" टीकारामभाऊ ओरडले. पावसात बांध फुटून पाणी निघून जाताना माणूस ज्या आवाजात शेजारच्या शेताला हाक मारतो तोच आवाज. "धुरा फुटला रे, धावा!" ते दोरीखालून आत शिरलेही असते, मी त्यांचा सदरा धरला. रोशनी पुढे झेपावली, चेंडू तिच्या बोटांना लागून आत गेला. थोड्या वेळाने शिट्टी वाजली. एक-एक.

परतताना पिकअपमध्ये पोती नव्हती, गाणं नव्हतं. तांदळाचे कट्टे भाऊ मंगळवारी नेणार होते. पुलाच्या अलीकडे त्यांनी चहासाठी गाडी थांबवली. नदीवर संध्याकाळ उतरत होती, वाळू निळसर झालेली, आणि टिटवी एकटीच काहीतरी तक्रार करत उडत होती. करिश्मा गाडीतून उतरली नाही. प्रणाली उतरली आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "तिच्या पायी बांधी गेली. एक काम सांगतलं होतं, उभी राय म्हणून."

"फुटलेल्या धुऱ्याले शिव्या देऊन का होते?" भाऊ बशीतला चहा फुंकत म्हणाले. "माती टाका लागते."

प्रणाली त्यांच्याकडे वळली. सौदा करायची जागा तिला बरोबर कळते. मोठेपणी ती सरपंच झाली तर मला नवल वाटणार नाही. "भाऊ, आमी हारलो नाई."

"जिकल्या बी नाई."

"तुमी म्हटलं होतं, नाई जिकल्या तं चिखलणी. अन् जिकल्या तं बांधी. बराबरीचं तं काई म्हटलंच नाई."

चहावाला, एक ट्रकवाला आणि मी, असे तिघे ऐकत होतो. भाऊंनी आमच्याकडे एक नजर टाकली. इथेही माणसं होतीच. त्यांनी चहा संपवला, बशी पुसली, आणि खर्रा तोंडात टाकण्याआधी म्हणाले, "बराबरी झाली तं बांधी बी बराबर. अर्धी तुमची, अर्धी माही. उद्या मधातून धुरा टाकतो. अजून घासाघीस केली तं पाव करीन."

प्रणालीने लगेच तोंड बंद केलं.

मी गाडीत मागे जाऊन करिश्माशेजारी बसले. तिचा बूट काढून पाहिला. टाचेला मोठा फोड आला होता. पट्टी बांधता बांधता विचारलं, "काऊन पळाली गं?"

"समोर मोकळं होतं, सिस्टर," ती नदीकडे बघत म्हणाली. "आपल्या बांधीत एवढं मोकळं कुठी रायते? दोन पावलं पळालं का धुरा. मले वाटलं, पाहू तं खरं, कुठंवर जाते."

मी पट्टीची गाठ मारली. तिला रागवायचं ठरवून मागे आले होते, ते विसरले. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. धुऱ्याने या मुलींना खेळ शिकवला होता, इतका पक्का की तो नसताना त्यांचे पाय त्याला शोधत होते. पण त्याच धुऱ्यामुळे, समोर कुणीच नसेल तेव्हा काय करायचं, हे त्यांना कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं. पाणी अडवणाऱ्या गोष्टीचा स्वभाव तोच. आणि मी? मी या गावात बदलून आले ती दोन वर्षांसाठी, आणि किती वर्षं झाली ते आता मोजत नाही. इथल्या लोकांच्या दुखण्यांना कुठून मारलं की काय परत येतं, हे मला अंगाने कळतं. उद्या कुणी मला एका सपाट, रेघेच्या मैदानात उभं केलं, तर माझे पाय काय करतील, हा प्रश्न मला पडला. तेवढ्यात घर आलं आणि मी भात लावायला गेले.

रविवारी सकाळी मी बांधीवर गेले. मुली आल्या होत्या, करिश्मा टाचेवर न टेकता चालत होती, प्रणाली तिच्याशी बोलत नव्हती, पण तिच्या बाजूनेच चालत होती. टीकारामभाऊ फावडं घेऊन आधीच हजर. त्यांनी नारळाच्या काथ्याची दोरी काढली, एक टोक त्यांच्याकडच्या धुऱ्याला मधोमध खुंटी ठोकून बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "बाई, थ्या बाजूले मधोमध धरा. त्या दोरीवर माती टाकतो."

मी दोरी ओढत समोरच्या धुऱ्यापर्यंत गेले. मधोमध थांबले. तिथून मला अर्धी बांधी दिसली, नदीकाठी वाटली होती त्याहून फारच लहान. करिश्माची दोन पावलंसुद्धा आता एकच होणार होती. मग मी धुऱ्यावरूनच बाजूला सरकले, भाऊंच्या पऱ्ह्यांच्या दिशेने, थोडी, अजून थोडी, आणि दोरी ताणून धरली. मुलींच्या वाट्याची बांधी भाऊंच्या टोकाला निमुळती आणि माझ्या टोकाला चांगली रुंद झाली. अशा तिरप्या धुऱ्यावरून चेंडू कुठे परत येईल, ते त्या मुलींनाही माहीत नव्हतं, मलाही नाही.

भाऊंनी एक डोळा मिटून दोरीवरून माझ्याकडे बघितलं. "बाई, दोरी तिरपी होऊन राह्यली."

"इकडं जमीन उंच हाय, भाऊ. पाणी चढणार नाई."

"जमीन माही हाय, बाई. मले मालूम हाय कुठी उंच हाय."

भाऊंनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला, मुलींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग खाली वाकून दोरीच्या बाजूने पहिलं फावडं मारलं. मी धुऱ्यात टाचा रोवल्या आणि टोक होतं तिथेच, दोन्ही हातांनी, ताणून धरून उभी राहिले.